विश्लेषण : अहवालात पाणी ‘मर्यादेत’, तरी नाला काळा का? कोळसा खाणींभोवतीच्या पाण्याची तपासणी होते कशी?

जूनमधला पहिला दमदार पाऊस झाला, की चंद्रपूर, राजुरा, घुग्घुस, वणी या पट्ट्यातल्या नाल्यांचे व्हिडिओ मोबाइलवर फिरू लागतात. पाणी काळपट, कडेला कोळशाच्या भुकटीची रेघ. खाली प्रतिक्रियांमध्ये लगेच दोन गट पडतात. एक म्हणतो, नाला संपला. दुसरा तपासणी अहवालाच्या पानाचा फोटो टाकतो. त्यात प्रत्येक रकान्यापुढे आकडा मर्यादेच्या आत. मग कुणीतरी एक खोटे बोलत आहे, असा समज होतो आणि वाद तिथेच अडकतो. प्रत्यक्षात बऱ्याचदा दोघेही खरे असतात. खाणीच्या नळातून बाहेर पडलेले पाणी त्या दिवशी नियमात होते का, एवढेच अहवाल सांगतो. नाल्याचे वर्षभरात काय झाले, हा प्रश्न त्याला विचारलेलाच नसतो.

खाणीतले पाणी नाल्यात येते कुठून?

वर्धा खोऱ्यातला कोळसा वालुकाश्माच्या थरांखाली आहे. कामठी या नावाने ओळखला जाणारा हा वालुकाश्म पाणी धरून ठेवतो, आणि परिसरातल्या अनेक विहिरी त्याच्याच जिवावर आहेत. उघडी खाण खोदताना हे थर कापले जातात आणि भूजल खड्ड्याकडे झिरपू लागते. वरून पावसाची भर. पाणी उपसले नाही तर यंत्रे बुडतील, म्हणून खाणीच्या सर्वांत खोल कोपऱ्यात ते गोळा करून मोठ्या पंपांनी वर उचलतात. तिथून ते निवळणीच्या टाक्यांत जाते, गाळ खाली बसतो आणि वरचे पाणी जवळच्या नाल्यात सोडले जाते. पुढे इरई, झरपट किंवा पैनगंगेमार्गे ते वर्धेत पोहोचते. वर्धा वैनगंगेला मिळून प्राणहिता होते आणि प्राणहिता सिरोंचाजवळ गोदावरीला मिळते.

हा झाला पहिला मार्ग. दुसरा मार्ग अधिक पसरट आहे. कोळशाच्या थरावरची माती आणि दगड काढून त्यांचे डोंगर रचले जातात. स्थानिक भाषेत त्यांना ‘ओबीचे ढिगारे’ म्हणतात. हे ढिगारे, कोळशाचे साठे, रेल्वे सायडिंग आणि डंपरचे रस्ते यांच्यावर पडलेला पाऊस उताराने वाट काढत नाल्यात जातो. ढिगाऱ्याभोवती चर खणून हे पाणी अडवावे, ही पर्यावरण मंजुरीतली नेहमीची अट. पण चर गाळाने भरला किंवा पाऊस त्याच्या क्षमतेपेक्षा जास्त झाला, तर पाणी त्यावरून जाते. या मार्गाला नळ नाही आणि पंपही नाही, त्यामुळे नमुना घेण्याची ठरलेली जागा नाही. व्हिडिओतले काळे पाणी बहुतेक वेळा या दुसऱ्या मार्गाचे असते आणि अहवालातला आकडा पहिल्या मार्गाचा!

पाणी काळे म्हणजे वाईट आणि नितळ म्हणजे चांगले, असे आहे का?

तसे नाही. काळेपणा येतो तो तरंगणाऱ्या कणांमुळे. कोळशाची भुकटी आणि ढिगाऱ्यातली चिकणमाती पाण्यात मिसळते. ती नाल्याच्या तळाशी थर धरते आणि त्यामुळे दगडाखाली जगणारे किडे व माशांची अंडी गुदमरतात. नुकसान खरे आहे, पण ते डोळ्यांना दिसते आणि निवळणीच्या टाकीत बऱ्याच अंशी थांबवताही येते.

विरघळलेल्या पदार्थांचे तसे नसते. कोळशात आणि त्यालगतच्या खडकात पायराइट हे लोह आणि गंधकाचे खनिज असते. जमिनीखाली असेपर्यंत ते शांत असते. खाणकामाने त्याला हवा आणि पाणी मिळाले, की गंधकाम्ल आणि लोह तयार होते. हे किती टोकाला जाऊ शकते, ते मेघालयात दिसते. तिथल्या कोळशात गंधक भरपूर आहे. जैंतिया हिल्स भागातले अनेक झरे त्यामुळे आम्लधर्मी झाले. लुखा नदी हिवाळ्यात निळी पडते आणि मासे मरतात. राष्ट्रीय हरित लवादाने एप्रिल २०१४ मध्ये तिथल्या ‘रॅट होल’ खाणकामावर बंदी घातली, त्यामागे पाण्याचे हेही एक कारण होते.

विदर्भातल्या कोळशात गंधक त्या मानाने फार कमी आहे. शिवाय खडकातली कार्बोनेटी खनिजे तयार झालेले आम्ल बऱ्याच प्रमाणात मारून टाकतात. त्यामुळे इथल्या खाणींचे पाणी सहसा आम्लधर्मी नसते. सामू म्हणजेच पीएच पाहून ‘सगळे ठीक’ असे वाटते. मात्र आम्ल मारले गेले म्हणजे काहीच उरले नाही, असे होत नाही. उरतात सल्फेट, कॅल्शियम आणि मॅग्नेशियम. पाणी काचेसारखे नितळ, पण जड. साबणाला फेस येत नाही, तुरीची डाळ शिजता शिजत नाही. निवळणीच्या टाकीचा यावर काही उपाय चालत नाही, कारण विरघळलेले क्षार तळाशी बसत नाहीत. स्फोटकांमधल्या अमोनियम नायट्रेटचे अवशेष आणि कार्यशाळेतल्या यंत्रांचे तेल यांचीही त्यात भर पडते.

नियम नेमके काय मोजायला सांगतो?

कोळसा खाणींसाठी केंद्र सरकारने २५ सप्टेंबर २००० रोजी स्वतंत्र मानके अधिसूचित केली. त्यानुसार बाहेर सोडलेल्या पाण्याचा सामू ५.५ ते ९ या दरम्यान असावा. तरंगणारे घनपदार्थ म्हणजे टीएसएस प्रतिलिटर १०० मिलिग्रॅमपर्यंत, पाणी सिंचनासाठी जमिनीवर सोडले तर २०० पर्यंत. रासायनिक ऑक्सिजन मागणी अर्थात सीओडी २५० पर्यंत. तेल व वंगण १० पर्यंत आणि नायट्रेटमधला नायट्रोजन १० पर्यंत. मुख्य घटकांची तपासणी पंधरवड्यातून एकदा करायची. धातूंसह इतर घटकांची लांबलचक यादीही तपासली जाते, पण बऱ्याच मोठ्या अंतराने.

या पाच आकड्यांमध्ये एकूण विरघळलेले क्षार म्हणजे टीडीएस नाही, सल्फेट नाही आणि जडपणाही नाही. वर्धा खोऱ्यासारख्या ठिकाणी खाणीच्या पाण्याची खरी ओळख ज्या तीन गोष्टींत आहे, त्याच नेमक्या पंधरवड्याच्या तपासणीबाहेर राहतात. पाच रकाने हिरवे आणि पाणी मात्र गुरेही तोंड लावताना थबकतील असे, हे नियमानुसार शक्य आहे.

एक सावधगिरी मात्र व्हिडिओ पाठवणाऱ्यांनीही बाळगायला हवी. सांडपाणी सोडण्याची मानके आणि पिण्याच्या पाण्याची मानके या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भारतीय मानक १०५०० नुसार पिण्याच्या पाण्यात टीडीएस प्रतिलिटर ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावा, दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतला जातो. सल्फेटसाठी हेच आकडे २०० आणि ४००, एकूण जडपणासाठी २०० आणि ६००. नाल्याचे पाणी या कोष्टकाशी ताडून ‘विष’ ठरवणे चूक, तसे सोडलेले पाणी ‘मर्यादेत’ आहे म्हणून ते पिण्याजोगे मानणेही चूक. सामूचेच पाहा. सोडलेल्या पाण्याला ५.५ चालतो, पिण्याच्या पाण्याला किमान ६.५ लागतो. फरक एकाचा दिसतो, पण सामूची मोजपट्टी अशी आहे की ५.५ चे पाणी ६.५ च्या तुलनेत दहापट आम्लधर्मी असते. नायट्रेटमध्ये उलटा घोळ होतो. एका कोष्टकात १० आणि दुसऱ्यात ४५ असे आकडे दिसतात, पण पहिला नुसत्या नायट्रोजनचा आणि दुसरा संपूर्ण नायट्रेटचा. हिशेब केला तर दोन्ही जवळपास सारखेच.

नमुना कुठे घेतला, केव्हा घेतला, याने काय फरक पडतो?

जवळजवळ सगळाच. पंधरवड्यातून एकदा म्हणजे वर्षाला साधारण २४ ते २६ नमुने. एक नमुना भरायला काही मिनिटे लागतात. वर्षभर वाहणाऱ्या पाण्याबद्दल आपल्याला जे कळते, ते या मोजक्या मिनिटांवरून.

उन्हाळाभर ढिगाऱ्यांवर आणि साठ्यांवर भुकटी साचते, पायराइटपासून बनलेले क्षार पृष्ठभागावर जमतात. जूनच्या पहिल्या एक-दोन मोठ्या सरींत हे सगळे एकदम धुऊन निघते. वर्षातले सर्वांत वाईट पाणी याच तासांत वाहते. तपासणीची तारीख त्याच्या चार दिवस आधी किंवा आठवडाभर नंतर आली, तर कागदावर काहीच घडलेले नसते. यात कुणी लबाडी करण्याची गरज नाही. ठरलेल्या तारखेला प्रामाणिकपणे नमुना घेतला तरी हेच होते.

मे महिन्यात वेगळाच पेच येतो. खाणीमुळे नाल्यात काय बदल झाला हे पाहायचे, तर खाणीच्या वरच्या अंगाला एक नमुना आणि खालच्या अंगाला दुसरा, अशी जोडी लागते. पर्यावरण मंजुरीच्या अटींमध्ये अशी तपासणी सहसा असते. पण विदर्भातले बहुतेक छोटे नाले मार्चनंतर कोरडे पडतात. वरच्या अंगाला पाणीच नाही आणि खालच्या अंगाला नाला वाहतोय तो केवळ खाणीच्या पंपांमुळे. तुलना करायची कशाशी? पावसाळ्यात जे पाणी नाल्यात मिसळून पातळ होते, ते उन्हाळ्यात स्वतःच नाला असते. गुरे त्यावरच येतात आणि काठची भाजीही त्यावरच पिकते. गावकऱ्यांसाठी हे पाणी एकाच वेळी आधार आणि तक्रार, दोन्ही असते. खाण बंद पडली तर पाणी थांबेल, ही भीतीही खोटी नाही.

आणखी एक गोष्ट अहवालात क्वचितच दिसते, ती म्हणजे पाणी किती सोडले. समजा एका खाणीने दिवसाला १०,००० घनमीटर पाणी सोडले आणि त्यात टीएसएस बरोबर १०० आहे, म्हणजे मर्यादेत. १०,००० घनमीटर म्हणजे एक कोटी लिटर. गुणाकार केला तर रोज एक टन गाळ नाल्यात जातो, आणि तोही पूर्णपणे नियमात राहून. एकाच नाल्यावर अशा तीन खाणी असतील, तर तीन टन. मर्यादा प्रत्येक लिटरला आहे. नाला किती सोसू शकतो, याला मर्यादा नाही. म्हणून प्रवाहाचे मोजमाप नसलेला आकडा अर्धाच समजावा.

पाणी तपासतो कोण?

या पट्ट्यातल्या बहुतांश खाणी वेस्टर्न कोलफिल्ड्स लिमिटेड, म्हणजे वेकोलिच्या आहेत. ती कोल इंडियाची उपकंपनी. तिच्या खाणींचे नियमित पर्यावरणीय मोजमाप प्रामुख्याने सीएमपीडीआय ही संस्था करते आणि तीदेखील कोल इंडियाचीच उपकंपनी आहे. तिच्याकडे प्रयोगशाळा आहेत, प्रशिक्षित माणसे आहेत. तिच्या आकड्यांवर अविश्वास दाखवायला तेवढे कारण पुरत नाही. पण घरातल्याने घरातल्याचे मोजमाप करायचे, या रचनेवर शंका घेतली जाणारच. ती दूर करायची तर मूळ नोंदी लोकांसमोर खुल्या असणे हाच मार्ग आहे.

महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ स्वतंत्रपणे नमुने घेते. राष्ट्रीय जलगुणवत्ता कार्यक्रमाखाली नद्यांवर तपासणीची ठाणीही आहेत. ती बहुतेक मोठ्या नद्यांवर आहेत. खाणीलगतच्या दोन-तीन किलोमीटर लांबीच्या नाल्यावर नाहीत. वर्धेच्या पात्रापर्यंत पोहोचेतो नाल्याचे पाणी इतके पातळ झालेले असते, की ते आकड्यात दिसेनासे होते.

सतत मोजणारी यंत्रे बसवली तर? केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१४ मध्ये १७ प्रकारच्या अतिप्रदूषणकारी उद्योगांना अशी ऑनलाइन यंत्रणा बसवायला सांगितले. त्या यादीत औष्णिक वीज केंद्रे आहेत, साखर कारखाने आहेत, सिमेंट आहे. कोळसा खाणी नाहीत. याच केंद्रीय मंडळाने २००९ मध्ये प्रदूषणाचा जो सर्वंकष निर्देशांक काढला, त्यात चंद्रपूर ८३.८८ गुणांसह देशात चौथ्या क्रमांकावर होते.

इतर देशांत कसे मोजतात?

अमेरिकेत पृष्ठभागावरील कोळसा खाणकामाचा कायदा १९७७ चा. त्याखालच्या नियमांनुसार खाणीच्या आसपासच्या ओढ्यांमध्ये दर तिमाहीला टीडीएस किंवा विद्युतवाहकता, टीएसएस, सामू, एकूण लोह, मँगनीज आणि प्रवाह मोजावा लागतो. विरघळलेले क्षार आणि प्रवाह हे आपल्याकडच्या पाच आकड्यांत नसलेले दोन घटक तिथे किमान यादीतच आहेत.

विद्युतवाहकता म्हणजे पाण्यातून वीज किती सहज वाहते, त्याचे माप. क्षार जास्त, तर वाहकता जास्त. वेस्ट व्हर्जिनिया आणि केंटकी भागातल्या ओढ्यांचा अभ्यास करून तिथल्या पर्यावरण संस्थेने २०११ मध्ये ३०० मायक्रोसिमेन्स प्रतिसेंटिमीटर हा आकडा सुचवला. त्याच्या वर गेल्यास तिथल्या ओढ्यांतले काही किडे नाहीसे होऊ लागतात. भारतात सिंचनाच्या पाण्यासाठी हीच मर्यादा २२५० आहे. दोन्ही आकडे थेट शेजारी ठेवता येणार नाहीत, कारण तिथले मूळ पाणीच कमी क्षारांचे आणि आपल्याकडचे भूजल निसर्गतःच जास्त क्षारांचे. पण पिकाला चालते ते पाणी ओढ्यातल्या जिवांना चालेलच असे नाही, एवढे त्यातून नक्की समजते.

सगळा दोष खाणीचाच कशावरून?

हा प्रश्न रास्त आहे, आणि नीट मोजणी झाली तर त्याचे उत्तर मिळू शकते. झरपट आणि इरईत चंद्रपूर शहराचे सांडपाणीही जाते. जवळ औष्णिक वीज केंद्र आहे. शेतातली खते आहेत. प्रत्येक स्रोताचा ठसा वेगळा असतो. मैलापाणी आले तर जैविक ऑक्सिजन मागणी आणि कॉलिफॉर्म जिवाणू वाढतात. खाणीचे पाणी आले तर सल्फेट आणि जडपणा वाढतो, मात्र जिवाणू वाढतीलच असे नाही. वरून खाली चार-पाच ठिकाणी एकाच दिवशी नमुने घेतले, तर आकडा नेमका कुठे उसळी मारतो ते दिसते. नाल्यातले जीवही साक्ष देतात. मेफ्लायसारख्या किड्यांच्या अळ्या स्वच्छ पाण्यातच टिकतात. त्या महिनोन्‌महिने तिथे असतात, त्यामुळे तपासणीच्या तारखा चुकवून सोडलेले पाणी त्यांच्या नजरेतून सुटत नाही. केंद्रीय मंडळाकडे अशा जैविक तपासणीची पद्धत आहे, पण खाणीलगतच्या नाल्यांच्या नेहमीच्या अहवालांत तिला क्वचितच जागा मिळते.

खाणीचे पाणी निरुपयोगीच असते, असेही नाही. नागपूर जिल्ह्यात पाटणसावंगी येथे वेकोलि खाणीतले पाणी शुद्ध करून ‘कोल नीर’ नावाने बाटलीबंद विकते. त्यासाठी लागते ते आरओ तंत्रज्ञान, जे विरघळलेले क्षारही काढते. साध्या निवळणीच्या टाकीला ते जमत नाही.

गावकऱ्यांनी स्वतः बाटली भरून तपासली तर?

माहिती म्हणून उपयोग आहे, पुरावा म्हणून फारसा नाही. १९७४ च्या जलप्रदूषण प्रतिबंध कायद्याच्या कलम २१ मध्ये कारवाईसाठीच्या नमुन्याची रीत ठरलेली आहे. मंडळाच्या अधिकाऱ्याने संबंधितांना जागेवरच नोटीस द्यायची, त्यांच्यासमोर नमुन्याचे दोन भाग करायचे, सील आणि सह्या करायच्या. ही रीत पाळली नाही, तर तो निष्कर्ष न्यायालयात ग्राह्य धरला जात नाही. शिवाय सामू आणि विरघळलेला ऑक्सिजन जागेवरच मोजावा लागतो. सीओडीसाठीचा नमुना आम्ल घालून थंड ठेवावा लागतो. दुचाकीच्या डिकीत दोन दिवस तापलेल्या बाटलीतून काहीही आकडा निघू शकतो.

तरीही काही शे रुपयांत मिळणारा टीडीएस मीटर कामाचा असतो. धातू आणि जिवाणू त्याला कळत नाहीत. पण रोज ठरलेल्या वेळी, ठरलेल्या दोन जागी मोजून तारखेसह वहीत लिहिले, तर पाणी कधी बदलते ते दिसू लागते. मंडळाला ‘अमुक दिवशी, अमुक वेळी या आणि नमुना घ्या’ असे सांगायला ही वही पुरते. नुसत्या व्हिडिओत ती ताकद नसते.

अधिकृत आकडेही मागता येतात. २००६ च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेनुसार प्रत्येक प्रकल्पाला दरवर्षी १ जून आणि १ डिसेंबरला अटींच्या पालनाचा सहामाही अहवाल द्यावा लागतो आणि तो सार्वजनिक दस्तऐवज असतो. वेकोलि सरकारी कंपनी असल्याने तिला माहिती अधिकारही लागू आहे. तेव्हा निव्वळ ‘पाणी चांगले आहे का’ असे न विचारता नमुन्याची तारीख व वेळ, जागेचे अक्षांश-रेखांश, त्या दिवशी पंप किती तास चालले आणि वरच्या अंगाचा आकडा काय, हे मागितलेले बरे. वरच्या अंगाच्या रकान्यात ‘प्रवाह नाही’ असे लिहिले असेल, तर खालच्या रकान्यातले सगळे पाणी कुणाचे हे वेगळे सांगावे लागत नाही.

१ जूनच्या अहवालात सहसा ऑक्टोबर ते मार्च या काळातले आकडे असतात. एप्रिल ते सप्टेंबरचे आकडे, म्हणजे पहिल्या पावसाचे, डिसेंबरमध्ये येतात. तोवर नाला निवळलेला असतो.